तुम्ही विचारलंत म्हणून: काझिम्येश

"मुलाचं नाव काझिम्येश का ठेवलंत? अर्थ काय त्याचा?" पोलंडहून सांगलीला आले की पहिल्या दहा मिनिटांत हे येतंच. नवऱ्याच्या आजोबांचं नाव, एवढं बोलून मी विषय संपवते. आज नीट सांगते.

नाव जुनं स्लाव्हिक, दोन शब्दांचं. ‘मिर’ म्हणजे शांतता. वाद आहे तो ‘काझि’चा. बरेच अभ्यासक ते ‘नासवणे, मोडणे’ याच्याशी जोडतात, काही जण ‘सांगणे, आज्ञा करणे’ याच्याशी. म्हणजे शांतता मोडणारा, किंवा शांतता सांगणारा.

बारसं सांगलीत झालं. नाव आत्यानं ठेवायचं म्हणून नणंद क्राकूफहून आली होती. तिला ‘कुर्रर्र’ आदल्या रात्री शिकवलं होतं. ती बाळाच्या कानाशी वाकली आणि मागून मावशीनं फोनवर बघून मोठ्यानं वाचलं, "शांतता नष्ट करणारा." पाळण्याची दोरी आईच्या हातात होती. ती थांबली. "असलं काही बाळाच्या कानात सांगायचं नाही." नणंदेला मराठी येत नाही. ती तशीच वाकलेली, माझ्याकडे बघत. मी घाईघाईनं म्हणाले, "नाही गं आई, शांतीचा निरोप सांगणारा." आईनं दोरी पुन्हा ओढली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी खोटं बोलले का? तेव्हा वाटलं, नाही, तोही अर्थ देतातच. पण मला तो पटला होता कुठे? त्या क्षणी उपयोगी पडला, एवढंच. खरं तर ठामपणे म्हणायला हवं होतं, भीम म्हणजे भयंकर, तरी आपल्याकडे घरोघरी भीमराव आहेत. शत्रूची शांतता मोडो, असाच तो आशीर्वाद असणार. पोलंडचा पहिला काझिम्येश अकराव्या शतकातला ड्यूक, म्हणजे तिथला राज्यकर्ता. विस्कटलेलं राज्य त्यानं पुन्हा उभं केलं. तिसऱ्यानं १३६४ मध्ये क्राकूफला विद्यापीठ काढलं. ही काय मोडणाऱ्यांची कामं?

असं स्वतःला समजावते, आणि मग कुठेतरी ‘स्काझोना’ पाणी असं वाचते. दूषित पाणी. शब्दाचं मूळ तेच ‘काझि’चं, आजही वापरातलं.

४ मार्चला, संत काझिम्येशच्या दिवशी, इथे पोलंडमध्ये मुलाचा नामदिवस असतो, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस. आईचा फोन येतो. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. "बाळ कुठंय?" म्हणते. त्याचं नाव तिनं अजून एकदाही घेतलेलं नाही. जीभ वळत नाही, असं सांगते. मीही पुढे विचारलेलं नाही.