क्रूझवर आधी चढायला जादा पैसे भरावेत का? बेळगाव ते सिंगापूर आणि पुढे

सिंगापूरहून आल्यापासून टिळकवाडीत भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. जहाज हलतं का, आणि ते जादा पैसे भरून आधी चढायचं असतं ते घ्यावं का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत एवढं अवाढव्य जहाज फारसं हलत नाही. दुसऱ्याचं उत्तर खरं तर 'नको' असंच आहे, पण मध्ये फुकेत आडवं येतं, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आम्ही दोघं, निपाणीची आक्का आणि दाजी, आणि शहापूरच्या आत्या अशी आमची फौज होती. मार्ग सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडचं फुकेत आणि परत सिंगापूर. आम्ही दोघांनी प्रायोरिटीचं, म्हणजे जादा पैसे भरून आधी चढायचं, पॅकेज घेतलं होतं. दाजींनी साफ नकार दिला. "जहाज काय तुला आधी घिऊन जाणार आणि मला मागनं दुसरं पाठवणार हाय काय? पैसे भरून बी उभारायचं ते उभारायचंच की!" आमच्या दोघांचे त्यात गेलेले पैसे म्हणजे सिंगापुरात एका रात्रीचं बऱ्यापैकी हॉटेल. त्यामुळे एकाच जहाजावर, एकाच दिवशी, पैसे भरलेले आणि न भरलेले असे दोन गट घरातच तयार झाले, आणि तुलना अगदी फुकटात झाली.

आधी बेळगावातून निघण्याचं सांगते, कारण आपल्याकडच्या माणसाची खरी दमछाक तिथंच होते. सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळूरला विमान आहे, पण पावसाळ्यात त्याच्या भरवशावर त्याच दिवशीचं पुढचं विमान ठरवू नका. ऑगस्ट 2025 पासून वंदे भारत सुरू झाली आहे. पहाटे बेळगाव सोडते आणि दुपारी बेंगळूर. विमानतळाला जायचं असेल तर शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहू नका, यशवंतपूरला उतरा, तिथून देवनहळ्ळीची वाट जवळ पडते. राणी चन्नम्मा एक्सप्रेस किंवा रात्रीची स्लीपर बस हे जुने पर्याय आहेतच. आम्ही जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच सिंगापूर गाठलं. जादा पैसे कशावर घालायचेच असतील तर या एका रात्रीवर घाला. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, आणि विमान चुकलं म्हणून जहाज कुणासाठी थांबत नाही.

कागदपत्रांत दोन खाचा आहेत. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते एजंटाकडून तपासून घ्या, कारण जहाज मलेशिया-थायलंड करून तुम्हाला पुन्हा सिंगापुरातच आणून सोडतं. आणि सिंगापूरचं ते अरायव्हल कार्ड, जे ऑनलाइन फुकट भरतात, ते जहाजावरून परत उतरतानाही नव्याने भरावं लागतं. पोचण्याच्या दिवसासह फक्त तीन दिवस आधीपासून भरता येतं. म्हणजे दुसऱ्या वेळचं जहाजावरूनच भरायचं. आमच्या मागच्या केबिनमधले लोक शेवटच्या रात्री त्यासाठी वायफाय विकत घेत होते. फुकेतला किंवा पेनांगला किनाऱ्यावर असताना, तीन दिवसांच्या आत बसत असेल तर, तिथल्या सिमवर भरून टाका.

आता मुख्य रांग. मरीना बेच्या क्रूझ सेंटरवर (हे 2012 साली सुरू झालं, विमानतळासारखीच इमारत आहे) चढण्याचे टप्पे असे: मोठ्या बॅगा हमालाकडे, मग सामानाची आणि अंगाची तपासणी, मग क्रूझ कंपनीचं काउंटर, मग इमिग्रेशन, मग जहाजाचा पूल. प्रायोरिटीची वेगळी रांग आम्हाला मिळाली ती कंपनीच्या काउंटरवर. तपासणी आणि इमिग्रेशन सरकारी, तिथे आम्ही आणि दाजी एकाच ओळीत, पुढेमागे. आणि काउंटरवरचं काम तरी किती राहिलंय? पासपोर्टचे तपशील, फोटो, सगळं घरी बसून ॲपवर भरून झालेलं असतं. तिथे फक्त बघतात आणि पुढे सोडतात.

तिरुपतीला 300 रुपयांचं दर्शन घेतलं की तास वाचतात, कारण सगळी गर्दी एकाच गाभाऱ्याच्या दारात अडलेली असते. जहाजाला ते लागू होत नाही. इथली गर्दी अडते ती दोन कारणांनी, आणि दोन्हींवर पैशाचा उपाय नाही. एक म्हणजे इमिग्रेशन. दुसरं, सकाळी त्याच जहाजावरून आधीच्या फेरीचे हजारो लोक उतरत असतात. शेवटचा माणूस उतरल्याची नोंद झाल्याशिवाय नव्यांना आत घेत नाहीत. तोवर प्रायोरिटीवालेही खुर्चीवर बसून असतात. खुर्ची जरा बरी असते, एवढंच.

फुकट मिळणारी गोष्ट याहून कामाची आहे. ऑनलाइन चेक-इन करताना बंदरावर यायची वेळ निवडता येते. सकाळच्या वेळा पटापट संपतात. रॉयल कॅरेबियन या क्रूझ कंपनीचं हे चेक-इन निघण्याच्या 45 दिवस आधी उघडतं, इतरांचं वेगवेगळं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि उघडल्या उघडल्या बसा. दाजींच्या मुलीने निपाणीत बसून त्यांना सकाळची पहिल्या टप्प्यातली वेळ मिळवून दिली होती. आमच्या आणि त्यांच्या पुलावर पाय ठेवण्यात फरक पडला तो एक चहा पिऊन होईल एवढा. दाजींनी तो विषय पुढे चारही दिवस काढला.

आणि आमच्या सगळ्यांच्या आधी पोचल्या कोण, तर आत्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे आम्ही महिनाभर आधीच कंपनीला व्हीलचेअरची मदत हवी असल्याचं कळवलं होतं. याचे पैसे लागत नाहीत. बंदरावर माणूस खुर्ची घेऊन आला, सोबत एकाला जाऊ दिलं, म्हणून आक्का त्यांच्याबरोबर गेली. तपासणी आणि इमिग्रेशनलाही त्यांना बाजूच्या रांगेतून नेलं. घरात खरोखर उभं राहता न येणारं माणूस असेल तर प्रायोरिटी विकत घ्यायच्या आधी हे विचारा. पण खोटं कारण सांगून घेऊ नका. खुर्च्या मोजक्याच असतात आणि ज्यांना गरज असते ते मागे ताटकळत राहतात, हेही तिथेच पाहिलं.

चढल्यावर पहिले काही तास केबिन मिळत नाही. साधारण दुपारी एक-दीडला दारं उघडतात. काही पॅकेजमध्ये केबिन लवकर मिळते, काहींत फक्त हातातली बॅग केबिनपर्यंत पोचवतात. आमचं दुसऱ्या प्रकारचं होतं. शिवाय पहिल्या दिवशीचं जेवण बुफेऐवजी मोठ्या डायनिंग हॉलमध्ये, शांतपणे टेबलावर. हे मात्र छान वाटलं. वरच्या मजल्यावर बुफेत त्या वेळी बसायला जागा मिळत नव्हती, दाजी ताट हातात घेऊन फिरत होते. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, त्याचा प्रायोरिटीशी संबंध नाही.

मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत येतात. औषधं, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड हातातच ठेवा. आणि एक बाई म्हणून दुसऱ्या बायांना सांगते, चहाची छोटी इलेक्ट्रिक किटली घेऊन जाऊ नका. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड यांना जहाजावर बंदी असते, आगीची भीती. आक्काची बॅग त्यापायी अडकली आणि रात्री खालच्या मजल्यावर जाऊन, किटली जमा करून सोडवून आणावी लागली. बॅग आधी पोचवण्याची हमी देणारं पॅकेज असतं तरी ही बॅग अडकलीच असती. घरात केलेले लाडू-चकल्या चालत नाहीत. सीलबंद पाकिटातलं चालतं, त्यामुळे गोकाकचा करदंट आमच्याबरोबर फुकेतपर्यंत जाऊन आला.

पेनांगला प्रायोरिटीचा उपयोग शून्य. जहाज थेट स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, पूल टाकला की चालत जॉर्जटाउनमध्ये.

आता फुकेत. इथे माझं मत थोडं बदललं. फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला एवढ्या मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज समुद्रातच नांगर टाकतं आणि लोकांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. याला टेंडर म्हणतात. बोटी मोजक्या, माणसं हजारोंनी. कंपनीच्या स्वतःच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, महागड्या सुइटवाल्यांना आधी सोडतात, आणि ज्यांच्या पॅकेजमध्ये टेंडरची प्रायोरिटी लिहिलेली आहे त्यांना. बाकीच्यांनी नंबरचं तिकीट घेऊन सभागृहात बसायचं. आम्ही न्याहारी करून सरळ बोटीत बसलो. दाजी तिकीट घेऊन बसले ते बसलेच. ते किनाऱ्यावर आले तेव्हा आम्ही नारळपाणी पिऊन, बाजार अर्धा पाहून झालो होतो. फुकेतचे तास मुळातच थोडे, परतीची शेवटची बोट संध्याकाळी, त्यात सकाळचा हा वेळ म्हणजे जवळजवळ पाव दिवस. बाहेर स्वतः टॅक्सी ठरवून फिरणाऱ्यांना हा फरक फार जाणवतो. कंपनीची सहल घेणार असाल तर ती आपोआपच आधी सुटते, मग पॅकेजचा खर्च दुप्पट कशाला?

आत्या टेंडरमध्ये चढल्याच नाहीत. बोट लाटेवर खालीवर होते, पाय टाकायचा क्षण साधावा लागतो. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी फुकेतचा दिवस जहाजावरच काढायचा असं धरूनच चालावं. आत्यांनी रिकाम्या जहाजावर गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून दिवस घालवला आणि सगळ्यात ताज्यातवान्या त्याच दिसत होत्या.

उतरताना लवकर सोडण्याची सोयही पॅकेजमध्ये असते. आमचं विमान संध्याकाळचं, त्यामुळे लवकर उतरून करायचं काय? दुपारचं विमान असेल तरी आधी दुसरा मार्ग बघा. आपल्या बॅगा आपणच उचलून उतरायचं सांगितलं तर कंपन्या पहिल्या तुकडीत सोडतात, फुकट. रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या नाहीत, एवढीच अट. चाकांची बॅग आणि धडधाकट माणूस असेल तर हेच करा.

तेव्हा घ्यायचं की नाही हे ठरवताना पॅकेजच्या नावाकडे बघू नका, आत काय आहे ते वाचा. रॉयल कॅरेबियनचं 'द की' माणशी आणि दिवसागणिक लावतात, त्यात इंटरनेट असतं. जहाजावर इंटरनेट तसंही घेणारच असाल तर त्याची किंमत वजा करून उरलेल्याचा विचार करा, चित्र बरंच बदलतं. तिथे एका केबिनमधल्या सहा वर्षांवरच्या सगळ्यांना ते घ्यावं लागतं, म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर चौपट. कार्निव्हल कंपनीचं 'फास्टर टू द फन' उलट केबिनमागे असतं, त्यात केबिन लवकर आणि टेंडरही येतं. चार जण एका केबिनमध्ये असतील तर तसलं परवडतं. मोजकीच विकतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात शोधून मिळत नाही. आणि सुइट घेतला असेल किंवा त्याच कंपनीबरोबर आधी बरेचदा गेला असाल तर प्रायोरिटी बहुतेक आधीच तुमच्या नावावर असते. विकत घ्यायच्या आधी बुकिंगच्या कागदावर बघा.

मार्गात टेंडरचं बंदर आहे का, हा मी विचारेन असा पहिला प्रश्न. नसेल तर त्या पैशांत आदल्या रात्रीचं हॉटेल. असेल आणि स्वतः फिरणार असाल तर घ्या. आधी चढून मिळतं ते एक शांत जेवण.

ज्यांना सिंगापूरपर्यंत जायचं नाही त्यांच्यासाठी मुंबई-गोवा आहेच. देशांतर्गत फेरी, इमिग्रेशनची भानगड नाही, आधारसारखं ओळखपत्र पुरतं, आणि मुंबईत जहाज बॅलार्ड पिअरच्या बाजूने सुटतं, सीएसएमटीपासून टॅक्सीने जवळ. अशा एक-दोन रात्रींच्या फेरीला प्रायोरिटीचा विचारच करू नका. बेळगावकरांनी करायचा विचार वेगळाच: परत मुंबईला न येता गोव्यातच उतरण्याचं तिकीट मिळतं का, ते बुकिंगच्या आधी विचारा. मुरगावला उतरलात की वास्कोहून लोंढ्याची गाडी किंवा चोर्ल्याच्या घाटाने मोटार, आणि रात्रीच्या जेवणाला घरी. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची ही फेरी बंद असते, तेव्हा ऑक्टोबरनंतरचं बघा. आणि जहाज खुल्या समुद्रात गेलं की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग लागतं आणि बिल घरी आल्यावर कळतं.