यांगश्वोत सहा आठवडे: चिनी शिका, पण मराठी कानांनी

पहिल्याच सकाळी फसले. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक बाई टोपलीभर चिनच्यू घेऊन बसल्या होत्या. म्हणजे बोरापेक्षा जराशी मोठी संत्री, सालीसकट खायची. भाव विचारला तर म्हणाल्या, "स्स क्वाय." चार युआन समजून मी चार काढून दिले. बाई हसल्या आणि दोन्ही तर्जन्यांची फुली करून दाखवली. दहा! वर मिळाली अर्धा किलोच, कारण इथे भाव 'चिन'चा सांगतात आणि एक चिन म्हणजे 500 ग्रॅम.

चार म्हणजे 'स्स', सूर वरून खाली आपटलेला, आईच्या "गप!"सारखा. दहा म्हणजे 'श्श', सूर वर चढणारा, "काय?" विचारल्यासारखा. या भागात 'श'चा सर्रास 'स' होतो, म्हणजे फरक उरतो फक्त सुरांचा. पुस्तकात चार सूर वाचले होते, पण पटले ते त्या फुलीमुळे.

यांगश्वो हे ग्वांगशी प्रांतातलं, ग्वेलिनजवळचं गाव. भातखाचरांतून एकदम उभे राहिलेले चुनखडीचे सुळके आणि त्यांच्यामधून वाहणारी ली नदी. वीस युआनच्या नोटेमागे हेच दृश्य आहे, शेजारच्या शिंगफिंगचं. सगळे तिथे नोट हातात धरून फोटो काढतात. मीही काढला.

राहण्याबद्दल एकच सांगते: शीच्ये, म्हणजे वेस्ट स्ट्रीटवर राहू नका. महाग आहे, रात्रभर गाणी वाजतात आणि मुख्य म्हणजे तिथे चिनी शिकताच येत नाही. खुद्द चिनी लोक इंग्रजी शिकायला यांगश्वोला येतात, त्यामुळे तुम्ही चिनीत विचारलंत की उत्तर हमखास इंग्रजीत येतं. मी युलोंग नदीकडच्या एका वाडीत खोली घेतली. रोज सकाळी सायकलने शिकवणीला आणि दुपारी बाजारात. घरमालकिणीला 'आयी' म्हणायचं, म्हणजे शब्दशः मावशीच. आत्या वेगळी, मामा वेगळा, हे चिनी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उलट काकांचे थोरले-धाकटे असे दोन प्रकार त्यांच्याकडे जास्त.

आता उच्चार. पिनयिन ही चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, ती इंग्रजीसारखी वाचलीत की घोटाळा झालाच. तिच्यातला 'बी' म्हणजे आपला प आणि 'पी' म्हणजे फ, 'फळ'मधला. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क आणि 'के' म्हणजे ख. माझ्याबरोबरचा इटालियन मुलगा हा फरक ऐकू यावा म्हणून तोंडासमोर कागद धरून फुंकरा मारत बसायचा. आपल्याला तो पहिलीतच शिकवलेला असतो. 'झेड' म्हणजे 'चाक'मधला च, 'जे' म्हणजे 'चिंच'मधला पहिला च. हे दोन च हिंदीवाल्यांकडेही नाहीत. मी वहीत सगळं देवनागरीत लिहायला लागले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंच्या दुरुस्त्या निम्म्यावर आल्या. सूर मात्र कुठल्याच लिपीने येत नाहीत.

जेवणासाठी मीफन, तांदळाच्या शेवयांचं दुकान शोधा. मागायचं वाटीवर नाही, वजनावर: "अर लियांग" किंवा "सान लियांग". एक लियांग 50 ग्रॅमचा, मला दोन पुरत. आंबवलेली चवळीची शेंग आणि मिरची आपापली वाढून घ्यायची. शाकाहारी असाल तर "वो च्र सू", म्हणजे 'मी शाकाहारी खाते', हे पाठ करून जा आणि तरीही पातेल्याकडे नजर ठेवा, रस्सा बहुधा हाडांचाच असतो.

जाण्याचं आता सोपं झालंय. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीला कोलकाता-ग्वांगचौ थेट विमान पुन्हा सुरू झालं. ग्वांगचौ साउथहून वेगवान रेल्वेने सव्वादोन-अडीच तास, तिकीट सुमारे दीडशे युआन. यांगश्वो नावाचं स्टेशन प्रत्यक्षात शिंगफिंगजवळ आहे, तिथून गावात यायला बसने तासभर धरा. 180 दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी एक्स2 व्हिसा असतो. हॉटेलात पोलीस नोंदणी तेच करतात. कुणाच्या घरी खोली घेतलीत तर 24 तासांच्या आत चौकीत स्वतः जायचं. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले आणि पाऊण तास बोलणी खाल्ली, तीही समजली नाहीत.

अलीपे, म्हणजे पैसे द्यायचं ॲप, भारतातूनच कार्ड जोडून न्या, कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना तेही बघा. व्हॉट्सॅप आणि गूगल तिकडे बंद, भारतीय सिमचं रोमिंग घेतलंत तर चालतात. प्लेको हा शब्दकोश आधी उतरवून ठेवा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, सगळा चीन सुट्टीवर असतो. डिसेंबरात जाणार असाल तर गरम कपडे हवेतच, दक्षिणेकडच्या घरांत हीटिंग नसतं. मी दोन स्वेटर घालून अक्षरं गिरवली आहेत.

शेवटच्या आठवड्यात त्याच टोपलीवाल्या बाईंनी भाव सांगितला, "स्स क्वाय." सूर खाली आपटला होता. तरी मी खात्रीसाठी चार बोटं दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि मूठभर वर घातली.