दुसऱ्या बाजूसाठी उठतो का?

"काका, एवढ्या जॅझच्या रेकॉर्ड्स, त्यातल्या कुठल्या ठेवायच्या हे ठरवता तरी कसं?" घरी येणारा हमखास विचारतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

ठरवायची वेळच आली नसती. पण सदाशिव पेठेतली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात जायचं ठरलं. बायको म्हणाली, "निम्म्या काढ." नावं वाचत बसलो तर एक निघेना. जुन्या बाजारात उन्हात उकिडवं बसून जमवलेल्या, पावसाळ्यात कव्हरावरची बुरशी पुसून जपलेल्या.

शेवटी रोज रात्री एक लावायला लागलो. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांत संपते, सुई मधोमध जाऊन खरखरत राहते. तेव्हा उठून मी रेकॉर्ड उलटतो, की सुई उचलून झोपायला जातो? उलटली, तर राहिली. पियानोवादक डेव्ह ब्रूबेकची गाजलेली 'टाइम आउट' यात गेली. पाच मात्रांचं 'टेक फाइव्ह' पहिल्याच बाजूला शेवटी येतं. ते झालं की माझं पोट भरतं. मित्रांनी वाळीत टाकायचंच बाकी ठेवलं.

एकीला मात्र परीक्षा नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ची. तिच्यातलं 'सो व्हॉट' ऐकताना एकदा आईची पेटी काढली. सूर ओळखीचे, आपला काफी थाटच. फक्त मध्ये सगळं अर्ध्या सुरानं वर सरकतं आणि पुन्हा खाली येतं. पण पेटीशी काही केल्या जुळेना, रेकॉर्ड जरा चढीच. पेटी उतरली म्हणावं, तर दुसरी बाजू चोख लागली! नंतर वाचलं, की पहिल्या बाजूच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगानं वाजवल्यावर सूर चढले. चूक सुधारलेली आवृत्ती निघाली थेट १९९२मध्ये. माझी त्याआधीची.

मुलगा म्हणतो, "बाबा, फोनवर बरोबर सुरातली आहे की."

असेल. मला ती उतरलेली वाटते.