"हाडं दिसत नाहीत की तिची, आजार कसला?"

आमच्या बेळगाव-खानापूर भागात पोरगी जेवायला नको म्हटली की घरात उत्तरं तयार असतात, पित्त झालंय, उपवास धरलाय, नाहीतर स्थळं बघायलेत म्हणून बारीक व्हायचं डोक्यात घेतलंय. हा खाण्याचा मानसिक आजार (ईटिंग डिसऑर्डर) असेल असं कुणी म्हटलंच तर वर लिहिलंय ते वाक्य ऐकायला मिळतं, आणि त्या वाक्याचा मला खरंच राग येतो.

कारण बुलिमियात वजन बहुतेक वेळा नॉर्मलच असतं. हात थांबतच नाही असं खायचं, आणि मग गुपचूप उलटी काढायची नाहीतर जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं पहिल्यांदा कळलं ते दाताच्या डॉक्टरना! थंड पाणी झोंबतंय म्हणून नेलं होतं, त्यांनी छोटा आरसा आत घालून बघितलं तर वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू पोटातल्या अ‍ॅसिडनं झिजून गुळगुळीत झालेली. बोटांच्या सांध्यांवर घट्टे होते, उलटीसाठी बोटं घशात घालताना दात लागून लागून पडलेले, त्याला रसेल साइन म्हणतात, लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली बुलिमिया हा आजार मांडला, त्यांचं नाव. आणि कानाखाली लाळग्रंथी सुजलेल्या, त्यावर आईचं आपलं "गाल भरलेत जरा" म्हणून समाधान. वरून सगळं ठीक दिसतं पण उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, मग हृदयाचे ठोके बिघडतात, जीवावर बेततं.

अ‍ॅनोरेक्सिया वेगळा. तिथं खाणंच तोडलेलं असतं, मे महिन्यात पण स्वेटर, नाडी मंद, अंगावर बारीक लव, पाळी बंद, आणि तरी आरशात जाडच दिसते. पाळी बंद असण्याची अट २०१३ च्या डीएसएम-५ मधून, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करायच्या डॉक्टरांच्या पुस्तकातून, काढली, म्हणजे पाळी चालू असली तरी किंवा मुलगा असला तरी हा आजार असू शकतो.

उपवासाला माझा विरोध नाही, संकष्टी मीही धरते. पण चंद्र बघून उपवास सोडताना पोरगी सगळ्यांबरोबर बसते का, की पुढचा उपवास शोधते, ते बघा.

आणि खूप दिवस उपाशी असेल तर घरी तूप-भात कोंबू नका, एकदम खाल्ल्यानं रक्तातलं फॉस्फेट घसरतं, ते फार धोक्याचं. आधी फिजिशियन, रक्त तपासणी, ईसीजी, जोडीला मानसोपचार. कुठं जायचं सुचत नसेल तर सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट.