लहान आहे, तिला काय कळतंय?

इंग्लंडमधे ब्रिस्टॉल युनिव्हर्सिटीचा एक मोठा अभ्यास आहे, ‘चिल्ड्रन ऑफ द नाइन्टीज’, १९९१-९२ च्या सुमाराला गरोदर असलेल्या जवळपास १४ हजार बायका त्यात घेतल्या आणि त्यांच्या मुलांकडे ते अजून लक्ष ठेवून आहेत. २०१३ मधे त्यातून जे पुढे आलं ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. पहिल्या पाच वर्षांत बाबा घरातून गेले असतील तर १४ व्या वर्षी मुलींमधे डिप्रेशनची लक्षणं जास्त दिसली, मुलग्यांमधे तसं नाही. आणि मूल पाच ते दहा वर्षांचं असताना बाबा गेले तर हा संबंध तितका ठळक नव्हता.

म्हणजे आपण जिला मांडीवर घेऊन “लहान आहे, विसरेल” म्हणतो ना, तिलाच जपायला हवं.

यावरून एकट्या आईला कुणी बोल लावू नये प्लीज, ती आधीच पैसा, घर, लोकांचे टोमणे सगळं ओढत असते. आणि बाबा नाहीत म्हणजे डिप्रेशन येणारच असंही नाही. पण विदर्भात कर्जापायी वडील गेलेल्या घरांतल्या पोरी आठवतात मला, सगळे म्हणतात किती समजूतदार झाली, आणि ती शांत का झालीय हे कुणी विचारतच नाही. किशोरवयात डिप्रेशन रडण्यातूनच दिसतं असं नाही, चिडचिड, झोप उडणं, अभ्यासातून मन उठणं असंही असतं.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्री आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिच्याकडे असू द्या, आईकडेही.