पातेरा, परवाना आणि सुरूची बोंडं

सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्समध्ये आम्ही घर घेतलं, तेव्हा मागचं जंगल बघून नवरा खूश झाला आणि माझी झोप उडाली. २०१३च्या ऑक्टोबरात याच पट्ट्यात स्प्रिंगवूड, विनमलीकडे सुमारे २०० घरं वणव्यात गेली होती. त्यात आमचं घर उताराच्या माथ्यावर, आणि आग चढाला दर १० अंशांमागे साधारण दुप्पट वेगानं पळते.

माझा जन्म गुहागरकडचा. राब भाजताना बघत वाढलेली. पातेरा ओढायचा, काडी लावायची, झालं! इथे '१०/५०' नावाचा नियम आहे. पत्ता त्यात बसत असेल तर घरापासून १० मीटरपर्यंतची झाडं आणि ५० मीटरपर्यंतची झुडपं परवान्याशिवाय काढता येतात. आमचा पत्ता बसत होता. पण मला त्यापलीकडचा उतारही आधीच भाजून टाकायचा होता, म्हणजे वणव्याला खायला फार उरणार नाही. त्यासाठी रूरल फायर सर्व्हिसकडून, म्हणजे राज्याच्या ग्रामीण अग्निशमन दलाकडून, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एका झाडतोड्याने "सरसकट काढून देतो, कोण बघतंय" असंही सुचवलं. प्रमाणपत्र फुकट होतं आणि तो नव्हता, म्हणून अर्ज केला.

पाहणीला आलेल्या बाईंनी उतार मोजला, निलगिरीच्या ढोल्या मोजल्या आणि शी-ओकच्या झाडांखाली एकदम उकिडव्या बसल्या. शी-ओक म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूचं भावंड. खाली कुरतडलेल्या बोंडांचा चुरा पडला होता. उंदरांचा उपद्रव समजून मी तो दोनदा झाडून फेकला होता. तो ग्लॉसी ब्लॅक कॉकटूच्या जेवणाचा उष्टा खरकटा निघाला! काळा, शेपटीत लाल पट्टे असलेला हा काकाकुवा जवळजवळ याच बोंडांवर जगतो आणि राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. बोंडं जळाली की पुढची काही वर्षं त्याची पंगतच उठली.

प्रमाणपत्र आलं ते अटींसकट. शी-ओकभोवती पातेरा हातानं ओढून मोकळा पट्टा करायचा, आग आत शिरता कामा नये. ढोलीवाल्या झाडांचे बुंधेही तसेच मोकळे करायचे, कारण एक ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं जातात. पडलेले ओंडके राहू द्यायचे. आणि अर्धाच उतार जाळायचा. याचं कारण मला पटलं: पर्सूनियासारखी काही झुडपं आगीत मरतात आणि फक्त बियांतून परत उगवतात. बी धरायच्या आत दुसरी आग आली, तर तिथून कायमची जातात.

निघताना बाईंनी माझ्या छपराकडे बोट दाखवलं. पन्हळीत वीतभर पातेरा! बहुतेक घरं उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, म्हणाल्या. जंगलावर डोळा ठेवून बसलेली मी ओशाळलेच. पायपुसणं आणि ओट्याखालची लाकडंही त्याच संध्याकाळी हलवली.

मग हवेची वाट. एप्रिलमध्ये दोनदा शेजाऱ्यांना चोवीस तास आधी कळवलं; एकदा पाऊस, एकदा वारा. मे महिन्यात जमलं. गावातले स्वयंसेवक बंब घेऊन आले, ज्वाळा गुडघ्याच्या वर गेल्या नाहीत, दुपारी चहा झाला.

संध्याकाळी आईला व्हिडिओवर काळा पडलेला उतार दाखवला.

"एवढासाच? आणि तो पलीकडचा?"

"तो ठेवलाय गं."

"कुणासाठी?"

मी फोन शी-ओककडे वळवला, पण तोवर अंधार पडला होता.