मेन स्विच पाडा

"साहेब, लाल बटण दाबलं तरी थांबंनाच झालंय!" कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमधून ऑपरेटर मामांचा फोन आला, तेव्हा मागं ड्रिल फिरवणाऱ्या स्पिंडलचा आवाज येत होता. "मेन स्विच पाडा आधी," मी ओरडलो. आवाज हळूहळू उतरत गेला.

पंपाच्या कास्टिंगला भोकं पाडणारं जुनं एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं मशीन. त्याला नवं कंट्रोल बसवायचं रेट्रोफिट माझं, एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपवरचा बोर्डही माझा. लाल बटणाची, म्हणजे इमर्जन्सी स्टॉपची, वायर बोर्डाच्या इनपुटलाच होती; थांबवणंही प्रोग्रॅमच्याच हाती. प्रोग्रॅमला न विचारता वीज तोडणाऱ्या सेफ्टी रिलेचं मालक "पुढच्या वेळी बघू" म्हणाले होते आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

पोचलो तर ड्रिल फिक्स्चरमध्ये घुसून तुटलेलं, डिस्प्लेवर नगांचा आकडा १४७ वर गोठलेला. प्रोग्रॅम डिस्प्लेशी बोलणाऱ्या आय-टू-सी या दोन तारांच्या लाइनवर उत्तराची वाट बघत अडकला होता, त्या वाट बघण्याला मी टाइमआउट घातलाच नव्हता. व्हॉल्व्हच्या कॉइलला डायोड नव्हता. कॉइल सुटतानाचा व्होल्टेजचा झटका डायोड जिरवतो; तो नसल्यानं हा स्पाइक त्या लाइनवर गेला असणार.

मग वॉचडॉग, प्रोग्रॅमकडून वेळेवर निरोप आला नाही की चिप रीसेट करणारा टायमर? तो चालू होता, वेगळ्या क्लॉकवर. पण त्याला मी टायमर इंटरप्टमधून, म्हणजे ठरावीक वेळानं मुख्य लूपच्या मध्येच चालणाऱ्या कोडमधून, रिफ्रेश करत होतो. मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट जिवंत, म्हणून 'सगळं ठीक' असा निरोप त्याला जातच राहिला. ही चूक अजून खुपते.

मालक म्हणाले, "महागातला प्रोसेसर घाला." डीलरनं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस५७० सुचवला. चिप उत्तमच. दोन कोअर एकच प्रोग्रॅम चालवतात, दुसरा दोन सायकल मागं, निकाल जुळला नाही की एरर. पण दोघंही त्याच डिस्प्लेची वाट बघत थांबले असते! ही लॉकस्टेप पद्धत सिलिकॉनचा बिघाड पकडते, लॉजिकचा नाही. आपल्याकडे चिपची चर्चा मेगाहर्ट्झ आणि किमतीवरच संपते. रीसेटच्या क्षणी पिना तरंगत्या असतात, धड चालू ना बंद, तेव्हा रिले काय करेल, हे कुणी विचारत नाही.

एसटीएम ठेवला, वॉचडॉग मुख्य लूपमध्ये आणला. लाल बटण दोन चॅनलच्या सेफ्टी रिलेवर, पुढं मोटरची वीज तोडणारे दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये. एक चिकटला तरी दुसरा सोडतो, आणि चिकटलेला असेपर्यंत रिले रीसेट होत नाही. ड्रिल पुढं सरकवणारा फीडचा व्हॉल्व्हही त्यातच घेतला. क्लॅम्प मात्र वगळला, कारण स्पिंडल थांबायच्या आत पकड सुटली तर कास्टिंग अंगावर येईल.

आणि मी तर मेनच पाडायला सांगितलं होतं. क्लॅम्पचा व्हॉल्व्ह डिटेंटचा, म्हणजे वीज गेली तरी जागा न सोडणारा, वर दाब अडवून ठेवणारा पायलट चेक व्हॉल्व्ह, म्हणून पकड राहिली. फोनवर ओरडताना यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. मामा मशीनपासून दोन हातांवर उभे होते.